जॉन मॅकलॉफलिनची गिटार : मोजून ऐकणाऱ्यांसाठी एक धागा

खर्जातला_सा (पुणे)

मी तबल्याचा विद्यार्थी. बारा वर्षं शिकलो, मग नोकरीत रियाज सुटला, पण मात्रा मोजायची सवय काही सुटली नाही. गाणं कुठलंही असो, माझा कान आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधतो. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन मला भेटला तोही असाच.

मित्राच्या घरी मॅकलॉफलिनच्या बँडची, महाविष्णू ऑर्केस्ट्राची, 'बर्ड्‌स ऑफ फायर' लागली होती, १९७३ची. सुरुवातीला गाँगचे घाव, त्यातून वर येणारी गिटार, मग व्हायोलिन आणि बिली कॉबमचे ड्रम्स. मी सोळा मात्रा धरल्या, हुकलो. चौदा धरल्या, पुन्हा हुकलो. मित्राला म्हटलं, पुन्हा लाव. तिसऱ्या वेळी बोटांच्या पेरांवर मोजत बसलो तेव्हा अठरा निघाल्या. त्या अठरांवर गिटार इतकी मोकळी फिरत होती की जणू घरचा त्रिताल चाललाय.

त्या दिवसापासून माझं एक मत झालंय, आणि हा धागा त्यासाठीच काढलाय. लोक मॅकलॉफलिनच्या वेगाबद्दल बोलतात. मला वाटतं खरी गोष्ट त्याच्या उजव्या हाताची आहे. बरेच गिटारवादक जलद जागी एक सूर पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) छेडतात आणि पुढचे दोन-तीन डाव्या हाताच्या बोटांनीच काढून घेतात. त्याने सूर गुळगुळीत येतात, एकमेकांत मिसळतात. मॅकलॉफलिन जवळजवळ प्रत्येक सूर पिकने स्वतंत्र छेडतो. खाली, वर, खाली, वर. म्हणून कितीही द्रुत गेला तरी 'तिरकिट'मधलं प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू यावं तसे त्याचे सूर येतात. तो हात गिटारवाल्याचा आहेच, पण त्याहून जास्त तालवाद्य वाजवणाऱ्याचा आहे. आणि हे नुसतं मला वाटतं असं नाही. कंजिरावादक व्ही. सेल्वगणेशबरोबर त्याने कोन्नकोल शिकवणारी एक डीव्हीडीच काढली आहे. मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायची ही कर्नाटकी विद्या तो स्वतः बसून म्हणतो, हातावर ताल धरून.

ज्यांना त्याची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : जन्म ४ जानेवारी १९४२, इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागात, डॉनकास्टरला. आई व्हायोलिन वाजवायची. अकराव्या वर्षी गिटार हातात आली. पुढे लंडन, न्यूयॉर्क, आणि तिथून आपल्याकडच्या संगीतापर्यंत.

तुम्ही त्याचं कुठलं ध्वनिमुद्रण ऐकता, आणि त्यात नेमकं काय ऐकता ते लिहा. नुसती यादी नको.

विलंबित (मुंबई)

छान धागा. उजव्या हाताबद्दल अगदी बरोबर, पण मी या माणसाकडे उलट्या टोकाने आलो, म्हणून लिहितो.

मी पहिल्यांदा ऐकली ती जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'इन अ सायलेंट वे'. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणली होती. तीवर वेग नाहीच. मॅकलॉफलिन १९६९च्या फेब्रुवारीत टोनी विल्यम्सच्या बँडसाठी न्यूयॉर्कला उतरला आणि काही दिवसांतच, १८ तारखेला, माइल्सच्या स्टुडिओत बसला होता. शीर्षकरचना जो झॅविनुलची. तिच्यातल्या बऱ्याचशा कॉर्ड्‌स (एकत्र वाजणारे सुरांचे गट) माइल्सने काढून टाकल्या आणि या नवख्या पोराला सांगितलं की गिटार वाजवताच येत नाही असं समजून वाजव. विचार करा. लंडनमध्ये नाव कमावून आलेला सत्तावीस वर्षांचा वादक, समोर साक्षात माइल्स, आणि हुकूम असा! मग त्याने जे वाजवलं ते चाचपडत टाकलेल्या पावलासारखं आहे. एक सूर टाकतो, थांबतो, तो विरेपर्यंत वाट बघतो. निर्माता टिओ मसेरोने तोच तुकडा फीत कापून त्या बाजूच्या शेवटी पुन्हा जोडला. मी कितीदा तरी निव्वळ त्या शेवटासाठी कॅसेटची ती बाजू पूर्ण ऐकली आहे.

आणि त्याच माणसाचं दुसरं टोक हवं असेल तर माइल्सचीच 'जॅक जॉन्सन', पहिली बाजू, 'राइट ऑफ'. एप्रिल १९७०. माइल्स अजून काचेपलीकडे बोलत उभा आहे, आणि इकडे मॅकलॉफलिन कंटाळून ई या सुरात एक शफल, म्हणजे झुलती लय, सुरू करतो. कॉबम आणि बासवरचा मायकल हेंडरसन लगेच धरतात. दोन मिनिटांच्या आसपास गिटार बी फ्लॅट या दुसऱ्याच सुरावर सरकते, बास मात्र ई मध्येच राहतो. दोघांची गाडी वेगवेगळ्या रुळांवर, आणि नेमक्या त्या क्षणी माइल्सचा ट्रम्पेट आत येतो. असा प्रवेश मी दुसरा ऐकलेला नाही. दोन्ही सुरांना चालेल अशी जागा त्याने उभ्या-उभ्या शोधली. हे ऐकताना मला मैफलीत गवयाने चुकलेल्या समेला सावरून घेतल्यासारखं वाटतं.

रिकामी_तार (नागपूर)

मी दोन वर्षांपासून गिटार शिकते. प्रत्येक सूर पिकनेच छेडायचा असं ठरवलं की माझा हात ताशासारखा सुरू होतो आणि तार बदलताना अडखळतो. मनगटातून वाजवायचं की कोपरातून? आणि ती अठरा मात्रांची मोजणी मला अजिबात जमत नाहीये. पाचव्या-सहाव्या मात्रेनंतर मी वाहून जाते. कुणी मार्ग सांगाल का?

खर्जातला_सा (पुणे)

@रिकामी_तार, गिटारचं तंत्र मला सांगता येणार नाही, पण मोजणीचं सांगतो. अठरा एकदम धरू नका. आम्हाला शिकवताना आधी टाळी-खाली हातात बसवायचे, मात्रा नंतर. तुकडा लावा, गिटारचा आघात कुठे जोरात पडतो तेवढंच हाताने दाखवा. आकडे नको. चार-पाच दिवस एवढंच. जोरांच्या जागा हाताला कळल्या की मधल्या मात्रा आपोआप भरतात.

मी स्वतः 'द डान्स ऑफ माया'वर असाच फसलो होतो. दहाचं चक्र आहे म्हणून झपताल धरून बसलो, आणि विभाग जुळेनात. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन तिथे नाहीतच. पुढे त्याच रचनेत ब्लूजची लय येते, आणि शेवटी पहिली चाल त्या ब्लूजवर आरूढ होते. हे जेव्हा हाताला कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटाच टाळ्या देत बसलो होतो.

मिरजेची_तार (मिरज)

आमच्याकडे तंतुवाद्यांचंच काम चालतं, आजोबांपासून. तेव्हा मी वाद्याबद्दल बोलतो.

शक्ती या भारतीय वादकांबरोबरच्या बँडमध्ये मॅकलॉफलिनने जी गिटार वाजवली ती गिब्सनची, पण साधी नव्हे. अब्राहम वेक्टर या कारागिराने त्याच्यासाठी मुद्दाम बनवलेली. तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, नेहमीच्या सहा तारांखालून, पोकळीच्या तोंडावरून तिरप्या गेलेल्या आणखी सात तारा. तरफाच म्हणा. त्या मुख्य सुरांबरोबर घुमतात आणि हवं तेव्हा हाताने छेडताही येतात. त्यामुळे गिटार वाजवताना मागे षड्‌ज भरून राहतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन पडद्यांमधलं लाकूड त्याने खोलगट कोरून घेतलं. साध्या गिटारवर बोट तार दाबतं ते लाकडाला टेकतं आणि संपतं. इथे खाली जागा आहे. तार आत दाबली की सूर चढतो, सोडली की उतरतो. विणेवरही उंच पडद्यांमुळे तारेखाली अशीच जागा असते. विणेवर गमक आणि सतारीवर मींड मुख्यतः तार बाजूला ओढून काढतात, ते थोडं वेगळं.

पण एक लक्षात घ्या. अशी कोरलेली पट्टी बेसुर व्हायला फार सोपी. जरा जोर जास्त झाला की सूर वर सरकला. म्हणजे ज्याचा उजवा हात एवढ्या जोरात आणि एवढ्या वेगात चालतो, त्याने डावा हात मात्र फुलासारखा हलका ठेवायचा. वर्षानुवर्षं एका पद्धतीने वाजवलेल्या माणसाने, नाव झाल्यावर, स्वतःच्याच वाद्याला असं अवघड करून घेतलं. आमच्या दुकानात सतार शिकणारे येतात, ते जवारी (तारेखालच्या घोडीची घासून केलेली बैठक) जरा बदलली तरी महिनाभर कुरकुरतात. म्हणून मला या माणसाचं फार वाटतं.

तो अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकायला बसला होता. ती वीणा या गिटारमध्ये आली आहे. 'लोटस फीट' ऐका, शक्तीच्या पहिल्या तबकडीवरची. चाल साधी, लहान मुलाला म्हणता येईल अशी. पण सूर सोडताना तो जो किंचित खाली उतरवतो, ते पडद्याचं काम नाही, बोटाखालच्या त्या पोकळीचं आहे. खर्जातला_सा, तुमचा उजवा हात मान्य, पण माझं मत डाव्या हाताला.

बेळगावचा_पाऊस (बेळगाव)

आमच्या गावाच्या शोभा गुर्टू. घरात त्यांच्या ठुमऱ्या आणि मराठी गाणी कायम लागायची. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू तबला शिकलेला, मुंबईत वाढलेला, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मॅकलॉफलिनच्या त्रयीत ड्रम्सवर. मला हे कॉलेजात असताना कळलं तेव्हा खोटंच वाटलं होतं.

'लाइव्ह ॲट द रॉयल फेस्टिव्हल हॉल' ऐका, लंडन, नोव्हेंबर १९८९. तिघंच. गिटार, काई एकहार्टचा बास आणि गुर्टू. गुर्टू ड्रम्सच्या मांडणीमागे जवळजवळ जमिनीलगत बसतो, तबलाही शेजारी, आणि पाण्याची बादली! वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. 'मदर टंग्ज'मध्ये तो बोल म्हणतो आणि गिटार त्यांना उत्तर देते. अक्षराला अक्षर. खर्जातला_सा यांच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही, कारण तिथे गिटार आणि तोंडचे बोल शेजारी-शेजारी ठेवून तोलता येतात.

ही मैफल शक्तीइतकी कुणी ऐकत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मांडवीकाठ (पणजी)

आमच्याकडे गिटार घरोघर, त्यामुळे 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' सगळ्यांनाच माहीत. पाको दे लुसिया, अल दि मिओला आणि मॅकलॉफलिन. माझा भाऊ 'मेडिटरेनियन सनडान्स' सुरू झालं की काम टाकून बसायचा. तिघांचे सूर एकमेकांवर असे काही पडतात की कोण कुठला ते कळतच नाही. मॅकलॉफलिनची माझी आवडती जागा तीच.

जर्सीत_रात्र (न्यू जर्सी)

@मांडवीकाठ, तुमच्या भावासारखं मीही वर्षानुवर्षं तेच समजत होतो, पण त्या रचनेत मॅकलॉफलिन नाहीच. ते दि मिओला आणि पाको दोघांचंच वादन आहे. त्या तबकडीवर दोन-दोनच्या जोड्या आहेत. 'फ्रेव्हो रास्गादो' पाको आणि मॅकलॉफलिनचं, 'शॉर्ट टेल्स ऑफ द ब्लॅक फॉरेस्ट' दि मिओला आणि मॅकलॉफलिनचं. तिघं एकत्र येतात ते 'फॅन्टसिया स्वीट' आणि 'गार्डियन एंजल'मध्ये, आणि 'गार्डियन एंजल' तर मॅकलॉफलिनचीच रचना.

आता 'फ्रेव्हो रास्गादो' हेडफोन लावून ऐका. पाको बोटांनी वाजवतो, मॅकलॉफलिन पिकने. पाकोचा सूर गोल, मॅकलॉफलिनचा धारदार. एकदा हा फरक कानाला कळला की पुढे कधी घोटाळा होत नाही. त्या मैफलीचा दिवस ५ डिसेंबर १९८०, वॉरफिल्ड थिएटर. दुसऱ्या रात्रीचं वादन तब्बल चार दशकांनी, २०२२ मध्ये बाहेर आलं, तेही मिळवा.

पुढे २०१७ मध्ये त्याने अमेरिकेचा निरोपाचा दौरा केला तेव्हाही तो डिसेंबरमध्ये याच वॉरफिल्डवर वाजवून गेला. महाविष्णूच्या काळातल्या रचना घेऊन, वयाच्या पंचाहत्तरीत. हातातल्या संधिवातावर तो त्याआधी उघडपणे बोलला होता. ते ध्वनिमुद्रण ऐकताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. 'मीटिंग ऑफ द स्पिरिट्स'चे पहिले घाव तसेच आले होते, १९७१सारखे.

मांडवीकाठ (पणजी)

आत्ता ऐकलं. भावालाही फोन करून सांगितलं. खूप आभार, आम्ही दोघं आज रात्री पूर्ण तबकडी पुन्हा लावतोय.

आडा_चौताल (ठाणे)

सगळ्यांचं प्रेम बघून बरं वाटलं, पण एक वेगळी बाजू मांडतो. मी ख्याल ऐकून वाढलो. शक्तीचं 'जॉय' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थक्क झालो, अठरा मिनिटं श्वास घेता आला नाही. पण दुसऱ्या दिवशी मनात काय उरलं ते शोधलं, तर वेग आणि तिहाया (तीनदा म्हणून समेवर येणारे तुकडे). राग उरला नव्हता. आपल्याकडे एखादा गवई एका गंधारावर पाच मिनिटं बसतो, आणि दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना तो गंधार आठवतो. शक्तीत व्हायोलिनवर एल. शंकर आणि गिटार एकमेकांना सवाल-जवाब करत वर चढतात आणि टाळ्यांत संपतात. झाकीरभाई (झाकीर हुसेन) आणि विक्कू विनायकराम यांच्या तबला-घटमसाठी मी ते शंभरदा ऐकेन. हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटकी घटम एका बैठकीत एवढं एकजीव वाजणं त्या काळात नवलच होतं. पण गिटारबद्दल माझं मन पूर्ण भरत नाही, हे खरं.

खर्जातला_सा (पुणे)

@आडा_चौताल, तुमचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं. 'जॉय'बद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. ती ५ जुलै १९७५ची लाँग आयलंडवरची मैफल आहे, समोर अमेरिकेतली कॉलेजची मुलं, आणि हे पाच जण नुकतेच एकत्र आलेले. तो आनंद अंगात मावत नव्हता, आणि तसाच तो बाहेर आला. त्यात गंधारावर बसायला जागा नाही, मान्य.

पण रागाची अपेक्षा त्याच्याकडून करायची का, इथे मी वेगळं बघतो. तो राग मांडायला आलेलाच नाही. तो जिथे जन्मला तिथली स्वरसंगती त्याच्या रक्तात आहे, आणि ती सोडून दिल्याचं नाटक त्याने कधी केलं नाही. तुम्ही २०२० ची 'इज दॅट सो?' ऐकली आहे का? शंकर महादेवन, झाकीरभाई आणि मॅकलॉफलिन, तिघंच. शंकर महादेवन आपल्या पद्धतीने गातात, आणि त्याच्याखाली गिटार अशा कॉर्ड्‌स सरकवते की गळ्यातला तोच सूर आता वेगळ्या उजेडात दिसतो. तिथे मॅकलॉफलिनचा वेग जवळजवळ दिसतच नाही. तो मागे उभा राहून गळ्याची वाट बघतो. मी धाग्याच्या सुरुवातीला उजव्या हाताचं एवढं सांगितलं, पण ही तबकडी ऐकताना माझ्या उजव्या हाताच्या सिद्धांताला काही काम उरत नाही. हे लिहायलाच हवं होतं.

मिरजेची_तार (मिरज)

आणि 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे'मधलं 'शृंगार' ऐका, आडा_चौताल. डिसेंबर २०००, मुंबईतली मैफल. पंडित शिवकुमार शर्मा संतूरवर. पंचवीस मिनिटांहून मोठं आहे. संतूरचा सूर छेडला की विरायलाच लागतो, शिवजी तो पुढच्या कलमाच्या हलक्या घासाने जिवंत ठेवतात. गिटार त्यांना अजिबात घाई करत नाही. तुमचा गंधार कदाचित तिथे सापडेल.

आडा_चौताल (ठाणे)

ऐकतो. 'शृंगार' माझ्या ऐकण्यात नव्हतं.

विलंबित (मुंबई)

२०२३ च्या जानेवारीत शक्तीचा पन्नाशीचा दौरा मुंबईत आला तेव्हा मी मुलीला घेऊन गेलो होतो. शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, विक्कूंचा मुलगा सेल्वगणेश, झाकीरभाई आणि एकाऐंशी वर्षांचा मॅकलॉफलिन. मँडोलिनवाले यू. श्रीनिवास २०१४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, त्यांची जागा मला सारखी रिकामी दिसत होती.

मी मुलीला सांगितलं होतं की गिटारकडे बघ. ती म्हणाली, बाबा, ते आजोबा गिटारकडे बघतच नाहीयेत. खरंच. झाकीरभाईंचा हात तबल्यावर पडला की मॅकलॉफलिनची मान त्यांच्याकडे वळायची आणि चेहऱ्यावर पोरासारखं हसू यायचं. अर्धी मैफल तो त्यांच्याकडेच बघून वाजवत होता. त्यानंतर मी घरी 'जॉय' पुन्हा लावलं आणि गिटार सोडून फक्त एवढंच ऐकत राहिलो की तो तबल्याला कुठे उत्तर देतो. पूर्ण वेळ देतो.

त्याच वर्षी 'धिस मोमेंट' आली, शक्तीची ४६ वर्षांनंतरची पहिली स्टुडिओतली तबकडी, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी मिळालं. डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्या रात्री मी ती लावायला घेतली आणि पहिल्याच तबल्याला बंद केली. अजून पुन्हा लावता आलेली नाही. कुणाला जमली असेल तर सांगा, कुठल्या रचनेपासून सुरुवात करावी.

बेळगावचा_पाऊस (बेळगाव)

विलंबित, त्या तबकडीला अजून वेळ द्या. आधी १९७७ ची 'नॅचरल एलिमेंट्स' लावा. तिथे सगळे तरुण आहेत.

रिकामी_तार (नागपूर)

खर्जातला_सा, तुम्ही सांगितलं तसं आकडे सोडून फक्त जोराच्या जागा हाताने दाखवत आठ दिवस ऐकलं. आई विचारते की माशा कसल्या मारतेस. आज संध्याकाळी गाँगपासून सुरुवात केली, डोळे मिटले, आणि अठराव्या मात्रेनंतर हात आपोआप खाली आला. कॉबमच्या घावाबरोबर, एकदाच. पुढच्या फेरीत पुन्हा सुटला. उद्या बघते.